बझरची वायर

मुक्ताबाईला राग आला की ती गप्प होते, हे शेंद्र्यात सगळ्यांना ठाऊक आहे. बोलली तर भांडण मिटतं. गप्प बसली तर आपलं काय चुकलं ते समोरच्यानं शोधत बसावं. त्या दिवशी ती सकाळपासून जालना रोडवरच्या गॅरेजात, आडव्या पाडलेल्या टायरवर गप्प बसून होती.

समोर त्यांचा दहा टायरी ट्रक उभा होता. ट्रक तिच्या नवऱ्याचा, अजिनाथचा. पण वर्षभरापासून चालवत होता त्यांचा मुलगा शिवम. कारखान्याचा माल भरायचा, कसारा घाट उतरायचा, मुंबईच्या बंदरावर पोचवायचा. आठवड्यातून दोन खेपा.  तो निघताना मुक्ताबाई त्याला एकच सांगायची, धोक्याचा बझर वाजला की गाडी बाजूला घे, उशीर झाला तरी चालेल.

गेला महिनाभर गाडी तेल खात होती, निळा धूर सोडत होती. कडूबा मिस्त्री म्हणत होता, इंजिन उतरवावं लागेल, क्रँक घासायला लेथवर न्यावा लागेल, बारा दिवस धरा. अजिनाथला हाफ इंजिन करायचं होतं, आणि मुक्ताबाईचा राग त्यावरच होता. म्हणजे इंजिन गाडीवरच ठेवायचं, पिस्टन अन् रिंगा बदलायच्या, आवाज अन् धूर दबावा म्हणून घट्ट तेल ओतायचं आणि तिसऱ्या दिवशी माल भरायचा. बारा दिवसांत कारखान्याचं काम दुसऱ्या ट्रकवाल्याकडं जाईल, ही त्याची भीती काही खोटी नव्हती.

घट्ट तेलाचं नाव निघालं आणि मुक्ताबाईला बाप आठवला. तिच्या बापाची, बिरूची, मेंढरं होती. बाजाराच्या दिवशी काही लोक खोकणाऱ्या मेंढीला गूळ-ओवा चारून आणायचे. बाजार उठेपर्यंत ती खोकायची नाही. बिरू मेंढी घेण्याआधी तिला पळवायचा आणि छातीला कान लावायला मुक्ताला सांगायचा. एरवी शांत माणूस. पण आत घरघर ऐकू आली की विकणाऱ्याला भर बाजारात सोलून काढायचा.

कडूबाचीही एक रीत होती. इंजिन उतरवायचं ठरवण्याआधी तो खालचं तेलाचं चेंबर सोडायचा आणि त्यातलं तेल पांढऱ्या, धुतलेल्या धोतराच्या तुकड्यातून गाळायचा. तुकड्यावर जे उरेल ते मालकानं स्वतःच्या चिमटीत घासून बघायचं. मिस्त्रीनं काम वाढवलं असं नंतर कुणी म्हणायला नको. तेल गाळून झालं तेव्हा अजिनाथ फोन कानाला लावून रस्त्याकडं गेला होता. मुक्ताबाई उठली. तिनंच चिमूट घासली. बोटांना बारीक रव्यासारखं काहीतरी लागलं आणि उन्हात चमकलं.

“बेअरिंगचा भुगा आहे, वहिनी,” कडूबा म्हणाला. “वरून पिस्टन बदलून हे थांबायचं नाय. घाटात इंजिन जाम झालं तर ब्रेकची हवासुद्धा भरायची बंद.”

मग त्यालाच नवल वाटलं. बेअरिंग झिजून तेलाचा दाब इतका पडल्यावर बझर बोंबलायला हवा होता. तो केबिनमध्ये चढला, चावी फिरवली. इंजिन बंद असताना नुसत्या चावीवर बझर वाजतोच, पण आवाज नाही. डॅशबोर्डखाली हात घातला, तर बझरची वायर कापलेली, दोन्ही टोकांना हिरवी टेप नीट गुंडाळलेली. बरोबर आलेला शिवम वाकून बघत राहिला. बझर जळालाय, असं पप्पांनी सांगितल्याचं तो म्हणाला.

अजिनाथ परत आला आणि सगळे आपल्याकडंच बघताहेत हे पाहून त्यानं लपवलं नाही. वायर त्यानंच कापली होती. बझर वाजला की पोरगं गाडी बाजूला घ्यायचं. दोनदा माल उशिरा पोचला, कारखान्यात बोलणी त्याला खावी लागली. गाडी तर चालतच होती, थांबली का कुठं, असं त्यानं वर विचारलं.

म्हणजे पोरानं आईचं ऐकलं, म्हणून बापानं वायर कापली.  मुक्ताबाई बोलली, पण आवाज खालीच होता.

“करा हाफ इंजिन. पण घाट तुम्ही उतरवायचा. शिवम घरी राहील. तुमच्या शेजारी मी बसते.”

अजिनाथनं हसण्यावारी नेऊन बघितलं. गाडी सोडून वर्ष झालं, पाठ कुठं साथ देते आता, असं काहीबाही पुटपुटला.

“व्हय. पाठ तुमची, अन् जीव त्याचा.”

 अजिनाथनं धोतराचा तुकडा उचलला, चिमटीत घासला. बराच वेळ घासत राहिला. मग बोटं पँटला पुसून त्यानं मिस्त्रीला विचारलं, दहा दिवसांत होईल का? कडूबा म्हणाला, बारा. अजिनाथनं मान हलवली, आणि शिवम इंजिन उचलायची साखळी-कप्पी ओढत आणायला लागला.

मुक्ताबाईचा राग मात्र तसूभर उतरला नव्हता. आपण डबे बांधले, आपण बजावून सांगितलं, आणि पोरगं मुक्या गाडीत बसून घाट उतरत राहिलं. किती खेपा?

“आधी ती वायर जोडा,” ती म्हणाली.

कडूबानं समजावलं, इंजिन उतरवायचं म्हणजे सगळ्याच वायरी सोडायच्या आहेत, आता जोडून काय उपयोग?

“जोडू द्या. ज्यांनी कापली, तेच जोडतील.”

अजिनाथ केबिनमध्ये चढला. डॅशबोर्डखाली मान घालून नखानं टेप सोलत बसला. वायर जोडून झाली तेव्हा शिवमनं चावी फिरवली आणि बझर अख्ख्या गॅरेजभर किंचाळायला लागला. कडूबा बंद करायला पुढं झाला. मुक्ताबाईनं हातानंच त्याला थांबवलं आणि नवऱ्याकडं बघत उभी राहिली.