पार्किंगमधली सुरय

साइटवर दोन गोष्टी रोज साचतात, वाळू आणि किस्से. वाळू निदान झाडता येते! मी आखातातल्या बुसैतीनच्या एका साइटवर स्टोअरकीपर आहे. यंदाच्या आमच्या किश्श्यांची मानकरी एक सुरय. काळ्या टोपीचा, पांढरा, समुद्रावरचा इवलासा पक्षी. बाईसाहेबांनी अंडी घातली ती नेमकी होणाऱ्या पार्किंगच्या खडीवर!

*

फोटो मुलीला पाठवला. तिने शाळेत 'सेव्ह द पफिन्स' असा समुद्रपक्ष्यांवर प्रोजेक्ट केलेला. लगेच उत्तर, "नॉट अ पफिन, बाबा! पफिन्स लिव्ह इन कोल्ड कंट्रीज."

आमचा रोलर ऑपरेटर बाबी मालवणचा. त्याला हे सांगितलं, तर तो उखडलाच.

"मगे हेका कोण वाचवतलो? हो तर हयच रवता!"

आणि अंड्यांभोवती लाल ट्रॅफिक कोन लावून मोकळा झाला.

*

साइट इंजिनिअर आले. "ये किसने लगाया?"

"सेफ्टी है, सर," बाबी म्हणाला.

"किसकी सेफ्टी?"

"आपकी!"

तेवढ्यात सुरयने साहेबांच्या टकलावर झडप घातली. तेव्हापासून साहेब हेल्मेट घालतात. सेफ्टी ऑफिसरला घसा फोडूनही हे जमलं नव्हतं!

*

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरचं काम बंद असतं. आम्ही सावलीत आडवे होतो. सुरय मात्र समुद्रात पोट भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंडी गार करते. पुन्हा समुद्र, पुन्हा अंडी.

"तुका सुट्टी नाय काय गो?" बाबीने विचारलं आणि घरी फोन लावला. गावी त्याची बायको दोन पोरं एकटीच सांभाळते.

*

मग ऑर्डर आली. मालक बघायला येणार, तो कोपरा आजच्या आज सपाट करा! बाबीचा व्हिसा रिन्यूअलला टाकलेला. साहेबांनी बजावलं, "रोलर चलाओ, नहीं तो यल्ला, घर जाओ!"

बाबी मला म्हणाला, "अंडी तडकली हत. दोन दिवस गावले तर पिल्लां चालाक लागतली."

बाबी रोज रोलर सुरू करण्याआधी गाऱ्हाणं घालतो आणि अख्खी गँग साथ देते. नेपाळी, बंगाली, पठाण, सगळे! त्या सकाळी तो चपला काढून कोनांसमोर उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! ह्या पाखराच्या घरावर जो कोण रोलर घालीत, तेचो रोलर चालू होव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

बाबीने चावी फिरवली. रोलर ढिम्म. साहेब स्वतः चढले, त्यांनी फिरवली. ढिम्म! खाली उतरून बघतात तर बॅटरीच जागेवर नाही.

साहेब तणतणत स्टोअरच्या दारात आले. मागोमाग सगळी गँग.

"बैटरी है?"

माझ्या टेबलाखाली, डब्याच्या पिशवीमागे, माझा पाय बॅटरीवरच होता.

"मफी, सर! स्टॉक में नहीं!"

"नई कब आएगी?"

"इंशाल्ला, परसों!"

आणि साहेबांच्या पाठीमागून अख्खी गँग एका सुरात गरजली,

"होय म्हाराजा!"