चंद्रोदय आठ बावन्न

कालिंदीमावशीच्या काटेकोरपणाची आम्ही भाच्यांनी खूप थट्टा केली. आता ती थट्टा आठवली की माझीच मला लाज वाटते.

कलकत्त्यात, भवानीपूरच्या तळमजल्यावरच्या घरात ती रोज सकाळी स्पिरिटचा दिवा पेटवायची आणि नवऱ्याची, म्हणजे दिगंबरकाकांची लघवी निळ्या औषधात घालून उकळायची. नळी निळीच राहिली तर साखर नाही, हिरवी-पिवळी झाली तर थोडी, विटकरी झाली तर फार. तो रंग कॅलेंडरवर लिहायचा, सुई उकळायची आणि काकांच्या मांडीत इन्शुलिन टोचायचं. मग काका जेवून खिदिरपूरच्या कस्टमच्या ऑफिसात जात. अकरा वर्षांत एक सकाळ चुकली नाही.

सुई घेतली की वेळच्या वेळी खायचं, नाहीतर साखर फार उतरते, असं बंगाली डॉक्टरबाबूंनी बजावलं होतं. त्यांच्यापासून एकच गोष्ट लपवलेली होती, ती म्हणजे काकांची संकष्टी. काका म्हणत, त्यांना आपल्यातलं काय कळणार. दुपारच्या खिचडीनंतर चंद्रोदयापर्यंत ते पाण्याशिवाय काही घेत नसत. उपास सोडताना मात्र मोदकांवर असा ताव मारत, की दुसऱ्या सकाळी नळी हमखास विटकरी. मावशीने आपल्या बुद्धीने तोड काढली आणि ती संकष्टीच्या सकाळी चार युनिट जास्त द्यायला लागली. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहत होते, सायन्स शिकत होते, आणि त्या चार युनिटांबद्दल मीही अवाक्षर काढलं नाही.

त्र्याहत्तरच्या भाद्रपदातली ती संकष्टी. पंचांगात चंद्रोदय आठ बावन्नचा होता. समोर चारमजली इमारत, त्यामुळे आमच्या गल्लीत चंद्र दिसायचा तो थेट दहानंतर. सगळी भिस्त पंचांगावर.

आठ वाजता काकांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. मावशीने साखरेचं पाणी पुढे केलं, ते त्यांनी हाताने दूर सारलं. एरवी शांत असणारा माणूस तिच्यावर खेकसला. साडेआठला त्यांची जीभ जड झाली. मी मावशीला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हटलं, उगवला म्हणून सांगून टाक, बावीस मिनिटांनी काय होतंय.

"देवाच्या कामात खोटं कसं बोलू गं?" ती म्हणाली. रडत होती, पण डोळे घड्याळावर होते.

आठ चाळीसला काका खुर्चीतून खाली आले आणि त्यांना झटके यायला लागले. मावशी त्यांच्या हिरड्यांना साखर चोळत होती आणि गणपतीची क्षमा मागत होती. मी डॉक्टरांकडे धावले. ते व्हिजिटला गेलेले. ते येऊन शिरेत ग्लुकोज देईपर्यंत साडेदहा झाले होते.

काका तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. मावशी कोण हे त्यांना सांगता येईना.

त्याच आठवड्यात शेजारच्या बंगाली बौदी, म्हणजे वहिनी, भेटायला आल्या. मावशीने त्यांना सगळं सांगितलं. त्या गोंधळल्या. संकष्टीच्या संध्याकाळी त्या गच्चीवर होत्या आणि आठच्या आधीच चंद्र वर आला होता.

पंचांग पुण्याचं होतं. मावशीचे तिथले दीर, शशिकांतभाऊजी, दर वर्षी ते पोस्टाने धाडायचे. पुण्यापेक्षा कलकत्त्यात चंद्र तासभर आधी उगवतो, हे इथे आल्यापासूनच्या बावीस वर्षांत कुणाच्या मनातही आलं नव्हतं.  जे खोटं मावशीच्या तोंडून निघेना, ते खरंच होतं. मला त्या पंचांगाचा, तिचा आणि माझाही इतका राग आला की मी उठून बाहेर गेले.

आता सुईचं प्रमाण डॉक्टर ठरवतात आणि उपास बंद आहेत. पण काकांच्या डोक्यात तेवढं एकच उरलंय. सकाळी दहाला, लख्ख उन्हात, घास समोर आला की ते तोंड मिटतात आणि विचारतात, "उगवला का?"

"उगवला हो, केव्हाच उगवला," मावशी म्हणते आणि त्यांना भरवते.