मैनेचं गूळपाणी

राजूर सोडायच्या सकाळी आमचं सगळं सामान लॉरीत चढलं. पितळी हंडे, दोन ट्रंका, अण्णांचं टेबल, आईचं जातं, तुळशीची कुंडी. चढायची राहिली ती एकटी मैना. लॉरीमागे जोडलेल्या ट्रेलरपासून दहा हातांवर ती चारी पाय रोवून उभी होती. कान मागे पाडलेले, डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. कोणी एक पाऊल पुढे टाकलं की ती दोन पावलं मागे जायची.

इरा, निहार, मैना म्हणजे आमची घोडी. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते शाळांचे तपासनीस होते. राजूरच्या वरच्या डोंगरांत दूरदूर एकशिक्षकी शाळा होत्या आणि तिथे जायला वाट होती ती घोड्याचीच. लढाई संपून वर्ष झालं होतं, मी बारा वर्षांची होते आणि अण्णांची बदली झाली शेवगावला. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

लोक म्हणत, घोडी विका, तिकडे दुसरी घ्या. पण आदल्या वर्षी घाटात पडून अण्णांचा गुडघा कायमचा आखडला होता. त्यांना सायकल चालवता येत नसे, मैलभर पायीही चालवत नसे. मैना मात्र आमच्या ओट्याला चिकटून उभी राहायची आणि अण्णा ओट्यावरून कसेबसे तिच्या पाठीवर बसेपर्यंत कान हलवायची नाही. दुसरं कुठलं जनावर त्यांच्यासाठी इतकं थांबलं नसतं. वरिष्ठांनी आधीच सुचवून ठेवलं होतं, ‘गुडघा असा आहे, तर आता कचेरीत बसा.’ अण्णांना कचेरीत बसायचं नव्हतं. खेड्यापाड्यांतल्या पोरांना मोठ्यानं वाचताना ऐकणं हेच त्यांचं खरं सुख होतं. मैना गेली असती तर ते सुख गेलं असतं.

तिला चालवत न्यावं, तर पुढच्या उजव्या खुराला भेग गेली होती. पक्क्या सडकेवर चार दिवस चालली तर जन्माची लंगडेल, असं गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून हा ट्रेलर. लष्कराचं जुनं सामान नगरला लिलावात निघालं, त्यातला एक संगमनेरच्या कासमभाईंनी घेतला होता. कासमभाई लॉरी चालवत आणि बोलत, दोन्ही सारख्याच वेगानं.

“साहेब,” ते म्हणाले, “मी कांदे नेतो, बटाटे नेतो. बटाट्यानं आजवर लाथ मारली नाही बघा.”

अण्णांनी आठवडाभर आधी एका इंग्रजी पुस्तकातून टिपणं काढली होती. ट्रेलरला लावायच्या फळीचा चढ किती असावा, दोर किती आखूड बांधावा. चढवण्याची वेळसुद्धा लिहिली होती, साडेसात. आणि खरं सांगते, साडेसातला मैना फळीपर्यंत आलीही होती. तेवढ्यात आई हळदकुंकू घेऊन आली. नव्या गाडीची पूजा झाल्याशिवाय तीत पाऊल ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिनं ट्रेलरला कुंकवाची बोटं लावली आणि अण्णांच्या हातात नारळ दिला. अण्णांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण करायचं तर नीट करायचं, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी नारळ ट्रेलरच्या लोखंडी कडेवर सगळा जोर लावून आपटला.

नारळ एका फटक्यात फुटला. शकुन उत्तम झाला. पण घोडीला शकुन कुठला कळायला? तो पोकळ पत्रा बंदुकीसारखा वाजला. मैना दोन पायांवर उभी राहिली, दोर माझ्या हातातून सुटला, हाताची सालं निघाली आणि ती कुंपण ओलांडून थेट आपल्या तबेल्यात जाऊन उभी राहिली.

तिथून दुपारपर्यंत काय काय केलं ते सांगवत नाही. डोळ्यांवर आईचं लुगडं बांधलं, पुढून ओढलं, मागून दोघांनी दोर लावून रेटलं. घामानं तिचं अंग काळं पडलं. समोरच्या पारावर संगमनेरचा एक टांगेवाला सकाळपासून बसून होता. घोडी राहिली तर आपण घेऊ, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. त्या फुटक्या खुरावर तो तिला दिवसभर सडकेवर पळवणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

“साहेब,” तो तिथूनच ओरडला, “घोडीची शाळा न्हाई झाली. तुमचं इंग्रजी तिला कसं कळावं?”

कासमभाईंनी घड्याळ पाहिलं आणि पहिल्यांदाच हळू बोलले. “उद्या सकाळपर्यंत थांबतो, साहेब. त्याच्यापुढं मला नाही जमायचं.”

आई ओट्यावर बसून राहिली होती. “माझ्यामुळं झालं,” एवढंच म्हणत होती. अण्णा तिला काही बोलले नाहीत. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं, असं मला आज वाटतं.

मग धोंडाबाई आली. ती वरच्या पाड्यावरची ठाकर बाई. सहा वर्षं रोज डोक्यावर गवताचा भारा घेऊन यायची, मैनेसाठी. आम्ही निघून गेलो असू असं समजून ती रिकाम्या तबेल्याला हात लावायला आली होती, आणि बघते तो मैना आत, थरथरत.

“कुनी मारली माझ्या लेकीला?”

“मारली नाही ग,” आई म्हणाली. “नारळ फोडला.”

धोंडाबाई फळीपर्यंत गेली, वाकली आणि मुठीनं पत्रा वाजवून पाहिला. “ह्ये बगा सायेब. पाय टाकला का जमीन वराडती. वराडनाऱ्या जमिनीव तुमी तरी जाल का? आन वडू नगा तिला. वडलं का ती मागंच जानार.”

“मग काय करू?” अण्णा हातातल्या घड्याळाकडे बघत म्हणाले. त्यांना कोणाला असं विचारताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

“पयलं ते घड्याळ खिशात घाला.”

तिनं पाटी मागितली. तबेल्यातली जमीन उकरून, लिदीनं माखलेली, मुतानं भिजलेली, जुन्या गवताची ती माती पाटीत भरली आणि ट्रेलरच्या पत्र्यावर ओतली. एक पाटी, मग दुसरी. तिसऱ्या पाटीला आई ओट्यावरून उठली. माझी आई सोवळ्याओवळ्याची, तबेल्याच्या उंबऱ्यापलीकडे कधी न गेलेली. तिनं पदर खोचला आणि पाटी डोक्यावर घेतली. दुपार टळेपर्यंत दोघी माती वाहत होत्या. फळीसुद्धा मातीनं झाकली. आता मूठ मारली तरी आवाज होत नव्हता, आणि सगळ्या ट्रेलरला मैनेच्या घराचा वास येत होता.

मग धोंडाबाईनं गवताची एक पेंढी फळीच्या पायथ्याशी ठेवली आणि स्वतः ट्रेलरच्या आत जाऊन पाठ फिरवून बसली. मैनेला बोलावलंसुद्धा नाही. मैनेनं पायथ्याचं गवत खाल्लं आणि मागे गेली. तिला जाऊ दिलं. थोड्या वेळानं दुसरी पेंढी, हातभर वर. पुन्हा मागे, पुन्हा जाऊ दिलं. कासमभाई बिड्या ओढत बघत राहिले. संध्याकाळी मैनेचे पुढचे दोन पाय फळीवर होते, आणि धोंडाबाई म्हणाली, “आज बास. आता तिला इचार करू द्या.”

भांडीकुंडी लॉरीत असल्यामुळे आम्ही त्या दिवशी पळसाच्या पानावर दहीपोहे खाल्ले. सकाळी उजाडताच धोंडाबाई पुन्हा आत जाऊन बसली. मैना फळीपाशी आली, मातीचा वास घेतला आणि आपल्या तबेल्यात शिरावं तशी शिरली. तिथे आत वळून तोंड मागे, रस्त्याकडे करून उभी राहिली. अण्णा पुस्तकाप्रमाणे तिचं तोंड पुढे करायला निघाले, तर कासमभाई म्हणाले, “राहू द्या, साहेब. मी ब्रेक मारला तर तिचं डोकं नाही आपटायचं. आणि गाडीत दुधाची घागर ठेवलीय असं समजून चालवतो.” पारावरचा टांगेवाला उठला, धोतर झटकलं आणि निघून गेला.

धोंडाबाईला आईनं साडी देऊ केली. तिनं घेतली नाही. “दोर लांब ठिवा. मान खाली घालता आली पायजे तिला,” एवढं सांगून ती उतरली आणि मागे न बघता पाड्याच्या वाटेला लागली.

मी लॉरीत सामानावर बसले होते. सगळा रस्ता मला मैनेचं शेपूटच दिसलं. पण ती जे बघत होती तेच मीही बघत होते. हिरवे डोंगर बारीक होत गेले, मग निळे झाले, मग राहिलेच नाहीत.

संगमनेरला दुपारी थांबलो. ऊन असं, की लॉरीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. बादली पुढे केली तर मैनेनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या विहिरीचं आणलं, तरी तेच. परकं पाणी तिला चालेना. न पिता अशा उन्हात आणखी दीड दिवस काढला असता तर शूळ उठून तिचं पोट धरलं असतं, आणि पोट धरलेला घोडा बहुधा वाचत नाही. अण्णांनी टिपणांची वही चाळली. त्यात पाण्याचं पान नव्हतं.

आई लॉरीवर चढली आणि शिदोरीच्या डब्यातून गूळ घेऊन आली. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी देतात. अण्णा फिरतीवरून आले की आई ते घेऊन ओट्यावर उभी असायची, आणि अण्णांचं पिऊन झालं की उरलेला खडा मैनेच्या बादलीत पडायचा. आईनं तो गूळ बादलीत हातानं विरघळवला, कोपरापर्यंत हात घालून. मग मैनेसमोर धरून म्हणाली, “घ्या बाई. लांबून आलात.”

मैनेनं ओठ बुडवले, थांबली, आणि बादली तळापर्यंत प्यायली. अण्णा तिकडे पाठ करून उभे राहिले. नाक पुसताना त्यांना कोणी पाहू नये असं वाटत असावं.

बेलापूरला आत्याकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी शेवगावला पोचलो. तिथे डोंगर नाही, झरा नाही, काळी जमीन आणि मचूळ पाणी. आई रोज बादलीत गूळ टाकायची, रोज थोडा कमी. पंधरा-वीस दिवसांनी एक सकाळ अशी आली की तिनं काहीच टाकलं नाही आणि मैना प्यायली. माझं मात्र त्या पाण्याशी जमायला वर्ष लागलं. माझ्या तांब्यात कोणी गूळ टाकत नव्हतं.

अण्णांनी राजूरच्या मास्तरांना कार्ड लिहिलं, धोंडाबाईला वाचून दाखवा म्हणून. ‘मैना सुखरूप आहे, पाणी पिते, खुराची भेग भरते आहे.’ मास्तरांचं उत्तर आलं. मजकूर एकच ओळ होता. ‘धोंडाबाई विचारते, तिकडे गवत कोण आणतं?’ अण्णांनी कार्डाच्या दोन्ही बाजू भरून उत्तर लिहिलं. इथे गवत नाही, कडबा असतो, तो कोण आणतो, त्याचं नाव काय, तो मैनेशी कसा बोलतो. मैनेच्या पाठीवरून अण्णा आणखी पाच वर्षं शाळा हिंडले. धोंडाबाईची नि आमची पुन्हा भेट झाली नाही.

निहार, तू नव्या शाळेत डबा उघडतच नाहीस, असं तुझी आई काल फोनवर सांगत होती. मी तिला म्हटलं, ओढू नकोस त्याला. जुन्या घरातलं काहीतरी त्याच्या पायाखाली घाल, आणि दोर लांब ठेव. तिला वाटलं, आईला आता भ्रम व्हायला लागला. म्हणून हे सगळं लिहून काढलं.

राजूर सुटलं, शेवगाव सुटलं, लग्नानंतर पुणं माझं झालं, आणि तुम्ही तर समुद्रापलीकडे. घर कुठलं, असं मला कोणी विचारलं तर गावाचं नाव चटकन तोंडात येत नाही. ते कार्ड आठवतं. लांब राहिलेलं कोणीतरी अजून विचारतंय, तिथवर घर आहे, असं मी धरून चालते. म्हणून दर रविवारी मी तुम्हाला तेच तेच विचारते आणि तुम्ही दोघं हसता. हसा. पण उत्तर पुरतं लिहा, दोन्ही बाजू भरून. तिकडे तुमच्या घरी भाजी कोण आणतं?