हात उचलला

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमला येऊन सुलेखाला अठरा वर्षं झाली होती. जर्मन चोख, त्यामुळे गावातले मराठी लोक बँकेपासून दवाखान्यापर्यंत तिलाच दुभाषी म्हणून पुढे करत. भीड मात्र भारी. कुणाच्या घरातलं उणंदुणं परक्यापुढे काढायचं म्हटलं, की तिची जीभ जड व्हायची.

२००४च्या मार्चमध्ये यमुना तिच्याकडे आली. नवरा रुपेश इंजिनियर, शिकलासवरलेला आणि मारकुटा. यमुनेची स्वतःची कमाई नाही म्हणून कोर्टाने मोफत सल्ल्याची चिठ्ठी, म्हणजे बेराटुंग्सहिल्फेशाइन, दिली होती. ती घेऊन दोघी नव्याने सनद मिळालेल्या केलर वकीलबाईंकडे गेल्या. यमुनेला एकच हवं होतं: रुपेश घराबाहेर, आणि ती आणि चार वर्षांची इरा घरात.

"त्यांनी हात उचलला," यमुना खाली बघत म्हणाली. "कालसुद्धा."

त्याने हात वर केला, असं सुलेखाने जर्मनमध्ये सांगितलं. शब्दाला शब्द.

"आल्झो, म्हणजे धमकी दिली," म्हणत केलरबाईंनी लिहून घेतलं.

जर्मन माणूस हात वर करतो तो वर्गात, प्रश्न विचारायला. सुलेखाला हे पक्कं ठाऊक होतं, तरी ती गप्प बसली. आपल्या माणसांची अब्रू झाकली, असं तिला वाटलं. असल्या अब्रूला आग लागो.

केलरबाईंनी अर्ज केला, पण नुसत्या धमकीवर तातडीचा हुकूम मिळाला नाही. कोर्टाने दहा दिवसांनंतरची तारीख दिली आणि नोटीस रीतसर घरी धाडली. ती रुपेशने फोडली. त्याने यमुनेला केस धरून स्वयंपाकघराच्या फरशीवर आपटलं, बुटांनी बरगड्या तुडवल्या, मनगट दारात घालून दार लोटलं. इरा टेबलाखाली होती. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने पोलिसांना बोलावलं. त्यांनी रुपेशला तात्पुरतं बाहेर काढलं.

सुलेखा दवाखान्यात गेली. यमुनेचे दोन दात गेले होते, ओठ फाटले होते.

"ताई, मी बोलले ते तुम्ही नीट सांगितलंत ना?"

खोटं सांगणं सोपं होतं. "नाही," सुलेखा म्हणाली आणि तिथेच रडली.

तारखेला रुपेशचा वकील उठला. अर्जात फक्त धमकी आहे, परवाचं एकदाच घडलं, रागाच्या भरात. न्यायाधीशबाई कागद चाळू लागल्या. सुलेखा उभी राहिली. तिचा आवाज चढला.

"मराठीत हात उचलला म्हणजे मारलं. ती मारलं म्हणाली होती, मी सौम्य केलं. चूक माझी आहे."

मग यमुनेने कशाने, कुठे, किती वेळा ते सांगितलं, आणि सुलेखाने एकही शब्द गिळला नाही. घर यमुनेला मिळालं.

तीन वर्षांनी भारतातले मोफत कायदा-मदतीचे वकील फ्रँकफुर्टला प्रशिक्षणासाठी आले. केलरबाईंनी सुलेखाला शिकवायला बोलावलं. त्यांतल्या परभणीच्या श्रीधरने सरावाचा अर्ज वाचला: "पतीने वेळोवेळी हात उचलला."

"कशाने मारलं?" सुलेखाने विचारलं.

"सगळ्यांना कळतं ना मॅडम."

"मलाही कळत होतं," ती म्हणाली. "तरी एका बाईचं मी असंच मोघम सांगितलं. दारात चेचलेल्या हाताने तिला अजून मुलीची वेणी घालता येत नाही."

श्रीधरने ओळ खोडली आणि नवीन कागद घेतला.