कुंडातल्या शपथा आणि निकालाचा दिवस

माझ्या माणसांत दोन पक्ष आहेत. एक नवऱ्याचा, एक भावाचा. मी कोणाची, हे दोघांनाही आजवर कळलेलं नाही. खात्री मात्र दोघांनाही आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, "आपलंच ना?" मी मान हलवली. तासाभरात भावाचा फोन. "ताई, आपलंच ना?" मी म्हटलं, "हो रे बाबा, आपलंच." यात खोटं काय बोलले मी? दोघंही आपलेच की.

माझं माहेर भिवंडीत, धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत. वडिलांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना होता, आता भाऊ चालवतो. आम्ही भावंडं त्या खडखडाटातच वाढलो, म्हणून आमच्याकडं कोणी हळू बोलत नाही. शेजारी नवीन आले की त्यांना वाटतं, हे रोज भांडतात. सासर जवळच्याच वडपे गावात. तिथं एकेकाळी भात होता, आता गोडाऊनं आहेत. नवरा त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. मी शाळेत क्लार्क.

नवऱ्याचं म्हणणं, या सरकारनं रस्ते केले, गोडाऊनं आली, गावातली पोरं कामाला लागली. भावाचं म्हणणं, याच सरकारच्या काळात सूत महागलं, विजेचं बिल वाढलं, गल्लीतले निम्मे लूम भंगारात गेले. आणि खरं सांगायचं तर दोघांचंही खरं आहे. माझी पंचाईत तीच. कोणी एक जण खोटं बोलत असता तर बरं झालं असतं, एकाला तरी गप्प बसवता आलं असतं.

तर झालं असं. मुलीचं लग्न ठरलं. गुरुजींनी मुहूर्त काढून दिला, आम्ही पत्रिका छापल्या, आणि मग निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या. बघते तर काय, मतमोजणी हळदीच्या आदल्या दिवशी! आता मुहूर्त काही बदलत नाही आणि सरकार माझ्यासाठी तारीख बदलत नाही. म्हटलं असू दे. आपला आणि निकालाचा काय संबंध?

आमच्याकडं पहिली पत्रिका वज्रेश्वरीच्या देवीला आणि दुसरी मामाला. भाऊ म्हणाला, "मीही येतो देवीला, माझी पत्रिका तिथंच द्या, तुमची एक फेरी वाचेल." किती समजूतदार माझा भाऊ, म्हणून मीच हुरळून गेले. देवीपुढं पत्रिका ठेवली, भावाच्या हातात त्याची दिली, ओटी भरली. मग परतताना अकलोलीला थांबलो. तिथं गेलं आणि गरम पाण्याच्या कुंडात उतरलं नाही, असं आमच्या घरात होत नाही. मेव्हणे-मेव्हणे गळ्यापर्यंत पाण्यात. मी आणि मुलगी पायरीवर बसून काकडी खात होतो.

सुरुवात कोणी केली देव जाणे. मला ऐकू आलं तेव्हा नवरा म्हणत होता, "आज घरातून इथं किती वेलात आलास? रस्ता कोनी केला?"

"रस्ता काय खाऊ भावोजी? सुताचा भाव विचारा आधी."

"तुला कायीच दिसत न्हाय. तुझं डोलं लूमच्या धुरल्यानं भरलंत."

"आणि तुमचे गोडाऊनच्या!"

कुंडात आणखी चार लोक होते. ते आधी ऐकत होते, मग बोलायला लागले. एक पोट सुटलेले काका माझ्या नवऱ्याच्या बाजूनं, दोन तरुण भावाच्या बाजूनं. गरम पाण्यात माणूस आधीच तापतो, त्यात राजकारण. दोघांचे चेहरे लालबुंद झाले होते. मी पायरीवरून ओरडले, "अहो, बाहेर या! अरे, ऐक माझं!" कोण ऐकतंय?

भाऊ ताडकन उभा राहिला. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून म्हणाला, "यांचं सरकार परत आलं तर मी तुमच्या मांडवात पाय ठेवणार नाही. देवीची शपथ."

नवरा काय मागं राहतोय? तोही उभा. "आनि तुझा मानूस भिवंडीतून निवडून आला, तर मी कन्यादानाला बसनार न्हाय. मना पन देवीची शपथ."

मग दोघांचे उगारलेले हात तसेच खाली आले. कारण दोघांनाही कळलं, आपण कुठं उभं राहून काय बोललो. आमची आई म्हणायची, या पाण्यात उभं राहून बोललेलं देवी ऐकते. लहानपणापासून आम्ही त्या कुंडात खोटं बोललो नाही, भांडलोही नाही. नवऱ्याच्या घरीही तेच मानतात. माझ्या मुलीनं हातातली काकडी खाली ठेवली.

त्या दिवसापासून भावाचं येणं बंद. म्हणजे मला फोन करायचा, पण घरी यायचा नाही. नवरा तर त्याचं नावच काढत नव्हता. मुलगी मेंदीवालीला फोटो पाठवत होती, ब्लाउज शिवून आणत होती, सगळं हसतमुखानं. एका दुपारी कपाट आवरताना मात्र म्हणाली, "आई, मला बोहल्यापर्यंत कोण नेणार गं?"

"कोणीही नेईल. चुलत मामा आहेत की."

"कोणीही नको. मामाच हवा." आणि रडायला लागली. मला इतका राग आला! दोघांचाही आला, त्या काकांचाही आला, आणि देशातल्या सगळ्या पुढाऱ्यांचाही आला, ज्यांना माझी मुलगी कोण हे माहीतही नव्हतं.

अशा मनानं मी मत द्यायला गेले. शाळेच्या मैदानावर उन्हात रांग. माझ्या पुढं गोडाऊनमधल्या हमालाची बायको, मागं मुलाला कडेवर घेतलेली एक बाई, तिच्यामागं काठी टेकत आलेले आजोबा. पाणी एकमेकांना देत होतो. कोणी कोणाला विचारलं नाही की तू कुणाला देणार. आत गेले, बोटाला शाई लागली, मशीनपुढं उभी राहिले. तिथं नवरा नव्हता, भाऊ नव्हता. किती दिवसांनी मला कोणी काही सांगत नव्हतं! मी रस्त्याचा विचार केला, लूमचाही केला, आणि माझ्या मनाला पटलं तिथं बटन दाबलं. कुठं ते विचारू नका.

निकालाच्या दिवशी घरात पाहुणे, अंगणात मांडव घालणारे, आणि टीव्हीपुढं नवऱ्याची मित्रमंडळी. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी सकाळीच आणून ठेवला होता. मी हळदीची भांडी घासत एक कान तिकडं ठेवून होते. आघाडी, पिछाडी, पुन्हा आघाडी. सकाळी जोरात चाललेल्या गप्पा दुपारी बारीक झाल्या. सरकार यांचंच येणार हे दिसत होतं, पण पहिल्यासारखं एकहाती नाही. आता दुसऱ्यांचा हात धरून चालावं लागणार होतं. समोरच्या बाकांवरही चांगली गर्दी होणार होती. आणि आमच्या भिवंडीत भावाचा माणूस निवडून आला.

एकानं पेढा उचलला. "सरकार तर आलं ना!" नवऱ्यानंही हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. त्याच्या तोंडाकडं बघून मला कळलं, त्याला शपथ आठवली. त्याच क्षणी मलाही दुसरी आठवली. सरकार आलं म्हणून भाऊ मांडवात येणार नाही. इथला पडला म्हणून नवरा कन्यादानाला बसणार नाही. देवीनं दोघांचं ऐकलं होतं की! मला हसू फुटलं, ते आवरेचना.

"हसाया काय झालं?" नवरा खेकसला.

"काही नाही. कन्यादानाला कोणाला बसवायचं ते ठरवतेय. पेढेवाल्याला विचारू का?"

मित्रमंडळी हळूच उठून गेली. मी हात पुसले, पदर खोचला आणि शेअर रिक्षा पकडून भिवंडीला निघाले. धामणकर नाक्यावर गुलाल, ढोल आणि ट्रॅफिक, सगळं एकात एक अडकलेलं. रिक्षावाला म्हणाला, "आगे नहीं जायेगा." मी उतरून चालत गेले. गुलाल अंगावर पडला, पडू दिला. त्या गर्दीत नाचणारी पोरं बघून मला मनापासून बरं वाटत होतं, आणि का ते तिथं चालता चालताच कळलं. माझ्यासारख्या किती बायका-माणसांनी उन्हात उभं राहून गुपचूप बटनं दाबली, एकमेकांना न विचारता, आणि त्यातून निघालं काय? ज्यांना ताठ मानेनं चालायचं होतं, त्यांना जरा वाकायला लावलं. जे कोपऱ्यात बसले होते, त्यांना बोलायला जागा दिली. देशानं एवढं शहाणपण दाखवलं, मग माझ्या घरातल्या दोन बैलांना काय झालं होतं?

कारखान्यात लूम चालू होते. दाराशी आमचा जुना कारीगर मोबाईलवर निकाल बघत बसला होता. मला बघून उठला. "दीदी, सेठ तो सुबह से खुद लूम पर खड़े हैं. रिजल्ट देखने भी नहीं आये, मैं ही जाकर बताता हूँ."

शेवटच्या लूमवर भाऊ उभा होता. समोर पांढरंशुभ्र कापड निघत होतं. बारीक पोत, बाजारात विकायचं नाही असं. मी ओळखलं. आमच्या माहेरी घरातल्या प्रत्येक मुलीचा अंतरपाट आमच्याच लूमवर निघतो. माझाही वडिलांनी काढला होता. म्हणजे स्वतः येणार नव्हता, पण कापड पाठवणार होता. माझा पारा चढला.

"मामा नाही तर अंतरपाटही नको!" मी ओरडले.

त्यानं कानाला हात लावला. ऐकू येत नाही. पुन्हा ओरडले, पुन्हा कानाला हात. आमच्या कारखान्यात चालू लूम मधेच थांबवत नाहीत, कापडावर आडवी रेघ उमटते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी सरळ हँडलकडं हात नेला. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि माझा हात पोचायच्या आत स्वतःच लूम बंद केला.

"बोल," म्हणाला. "पडली रेघ आता."

"पडू दे. तुझं मत वाया गेलं का?"

"नाही. आमचा आला इथं."

"त्यांचं वाया गेलं?"

"सरकार तर त्यांचंच आलं."

"मग माझ्याच पोरीचं का वाया जायला हवं? दोघांनी मिळून तिचं लग्न पाडायचं ठरवलंय का? तिकडं दिल्लीत काल एकमेकांना शिव्या देणारे आज एका टेबलाला बसायला तयार झालेत. तुम्हाला दोघांना एका मांडवात बसता येत नाही?"

त्यानं कापडावरची रेघ बोटानं चाचपली. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "ताई, पण मी पाण्यात उभा होतो गं."

"तेही होतेच की."

"बघतो," एवढंच म्हणाला. लूम मात्र लगेच चालू केला नाही. मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तरी त्या खडखडाटात एका लूमची जागा रिकामी ऐकू येत होती.

हळदीला तो आला नाही. लग्नाच्या दिवशी मांडव भरला, नवरदेव उभा राहिला, गुरुजींनी पुकारलं, "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं." कोणी उठेना. चुलत मामा माझ्याकडं बघायला लागले. माझी मुलगी दाराआड नटून उभी, नजर जमिनीवर. एवढ्यात कोणीतरी म्हणालं, "ते काय, ते बाहेर उभे आहेत!"

मांडवाच्या कमानीबाहेर, रस्त्यावर, माझा भाऊ. नवी टोपी, काखेत अंतरपाट. पाय बाहेरच.

नवरा उठला. फेटा सावरत सगळ्या पाहुण्यांमधून चालत कमानीपर्यंत गेला. मी मागून गेले. तो भावाला म्हणाला, "तू पन मोड, मी पन मोडतो. एकदम. दोघांनी एकदम मोडली तर देवी कोनाला धरंल?"

"आणि नंतर?"

"नंतर दोघं जाऊ नारल घेऊन. पन कुंडात उतरायचं न्हाय. उतरलो तरी तोंड बंद."

भाऊ हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. नवऱ्यानं त्याचा दंड धरला आणि दोघांनी एकदमच आत पाय टाकला. मी तिथंच पदर तोंडाला लावून रडले, मला काही लाज वाटली नाही. मुलगी दारातून पळतच आली. गुरुजी "सावकाश, सावकाश" म्हणत राहिले. मामानं तिचा हात धरला आणि बोहल्यावर नेली.

अंतरपाट धरला तेव्हा नवऱ्याचं लक्ष गेलं. मधोमध एक आडवी रेघ. तो भावाच्या कानाशी लागला, "एवढा लूमवाला तू, आनि भाचीच्या अंतरपाटाला रेघ?"

भावानं माझ्याकडं बघून मान हलवली. "ताई, दिसतेय गं ती."

"दिसू दे," मी म्हटलं. "तिथं तू माझं ऐकायला थांबला होतास."