शेजारचं घर नेमकं कोणतं?

मंडळी, आज धुळ्याचा माझा मित्र वसंता माझ्यावर चवताळला. आम्ही दोघे चौकटींच्या पटावरचे लढाईचे गेम खेळतो. नव्या गेमबद्दल मी त्याला सांगितलं होतं, "शत्रू फक्त शेजारच्या घरावर वार करतो."

म्हणून त्याने महिनाभर जपलेली हीलर, म्हणजे जखमी सैनिकांना बरं करणारी बाई, शत्रूच्या तिरप्या घरात ठेवली. आमच्या जुन्या गेममध्ये चाल आणि वार दोन्ही सरळच होते. इथे तिरपेही चालतात. हीलर मेली, आणि इथे मेलेलं पात्र परत मिळत नाही.

"शेजारी म्हंजे जेनी भित आपली भितले लागेल शे तो! कोपरावाला कसाना शेजारी?" तो फोनवर अहिराणीत ओरडला. ज्याची भिंत आपल्या भिंतीला लागते, तोच त्याचा शेजारी.

"वार होईपर्यंत चाल मागे घेता येते. नियमांत ते तरी वाचायचं होतं!" मीही सुनावलं. त्याने फोन कट केला.

तुमच्या गल्लीत कोपऱ्यावरच्याला शेजारी म्हणतात का? नाही म्हणालात, तर चूक माझी, आणि फोन मलाच करावा लागेल. आणि आत्ता मला तो मुळीच करायचा नाही.