काळं कुंकू

सुधींद्रनं अक्काचं कुंकू सगळ्यांत आधी काढलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

त्याची पद्धतच तशी. बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, यंत्रांचे आराखडे काढण्यात अर्धा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसांचे चेहरे काढू लागला, तेही फक्त शिसपेन्सिलीनं. चेहऱ्यात सगळ्यांत काळी जागा कुठली ते आधी ठरवायचं, ती मऊ पेन्सिलीनं गच्च भरायची, आणि मग गाल, केस, साडीचा काठ, सगळं त्या काळ्याशी ताडून बघत काढायचं. आता अक्काच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या, अहल्येच्या चेहऱ्यात सगळ्यांत गडद काय असणार? बंद्या रुपयाएवढं कुंकू. शहाण्याला दुसरं काही दिसलंच नाही.

चित्र होतं अक्का आणि तिचे यजमान व्यासराव यांचं. व्यासरावांचं सहस्रचंद्रदर्शन तोंडावर आलं होतं, आणि मल्लेश्वरमच्या त्यांच्याच घराच्या माडीवर राहणाऱ्या मेहुण्यानं तेवढं तरी करायलाच हवं. आई लवकर गेली, सुधींद्रला न्हाऊमाखू घातलं ते अक्कानं. व्यासरावांनीही या मेहुण्याला कधी परकं मानलं नाही. त्यामुळे त्यानं जीव ओतला. भुवईचा केस न् केस काढला.

चित्र बैठकीत आणून ठेवलं तेव्हा व्यासराव खूश झाले. "टक्कल झकास आलंय. खरं आहे त्याहून जास्त चकाकतंय," म्हणाले. अक्का मात्र बघतच राहिली.

"सुधी, कुंकू काळं आहे."

"अक्का, पेन्सिल आहे ती. सगळंच काळं."

"साडी काळी असू दे. सवाष्णीचं कुंकू काळं कसं चालेल?"

सुधींद्र हसला. आणि हे हसणंच त्याला महागात पडलं. कारण त्याच आठवड्यात व्यासरावांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि बायपास करावी लागेल, तीही लगेच, असं सांगितलं. समारंभ राहिला बाजूला. हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात अक्का ना रडली, ना ओरडली. फक्त म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं. तू हसलास. उद्या ह्यांना आत न्यायच्या आधी ते कुंकू लाल कर."

तो घरी आला. लाल पेन्सिल काढली, आधी एका सुट्या कागदावर करून पाहिलं. शिशावर लाल रंग बसेना. घासावं तितका चिखल व्हायचा. लाल हवं असेल तर खाली कोरा कागद हवा, आणि कोरा कागद हवा असेल तर आधीचं कुंकू पुसायला हवं.

पुसायला हवं. अक्काचं कुंकू, व्यासराव ऑपरेशनच्या दारात असताना, आणि तेही पाठच्या भावानं.

सुधींद्र काही शकुन-अपशकुन मानणारा नव्हता. राहुकाळात मुद्दाम घराबाहेर पडून अक्काला डिवचणारा माणूस तो. पण खोडरबर हातात घेतलं आणि हात पुढं होईना. भावजींना काही झालं तर? डॉक्टर काहीही सांगोत, अक्का जन्मभर या हाताकडेच बघेल. तोंडानं म्हणणार नाही, पण बघेल. नवं चित्र काढायला वेळ नव्हता. 'केलं' म्हणून थाप मारावी तर अक्का येऊन बघणारच.

सकाळी ती आंघोळीसाठी घरी आली आणि ओल्या केसांनीच जिना चढून वर आली.

"झालं?"

"नाही." आणि मग त्यानं सांगूनच टाकलं. "लाल करायचं तर आधी हे पुसावं लागतं, अक्का. दुसरी वाट नाही. पेन्सिलीनं करू दे नाहीतर रंगानं."

अक्का खुर्चीवर बसली. तिनं चित्राकडे पाहिलं, मग भावाकडे.

"म्हणजे तू पुसणार."

सुधींद्रनं खोडरबर टेबलावर ठेवून दिलं.

"तुझा हात नको लागायला," ती म्हणाली, आणि उठता उठता, "माझाही नको. ह्यांनाच विचारू या." खाली जाऊन तिनं देवघरातला करंडा उचलला आणि पर्समध्ये टाकला.

आता बेंगळुरूत सकाळी रिक्षा मिळणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पहिला येत नाही म्हणाला, दुसऱ्यानं मनाला येईल तो आकडा सांगितला. सुधींद्रनं चित्र बटर पेपरखाली मांडीवर धरलं होतं. कागद घासला तर शिसं पसरणार, म्हणून प्रत्येक खड्ड्याला तो उचलून धरायचा. अक्का रस्त्याकडे बघत होती. मध्येच तिच्या मुलाचा, हर्षचा फोन आला. तो रात्रीच व्हाइटफील्डहून हॉस्पिटलात येऊन बसला होता. "आई, कुठं आहात? त्यांना न्यायला माणसं येतायत." सिग्नल सुटेना. "स्वल्प बेगा, अण्णा, जरा लवकर," अक्का रिक्षावाल्याला म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता, आणि तो ऐकून सुधींद्र जास्तच घाबरला.

ते पोचले तेव्हा व्यासरावांना हिरवा झगा घातला होता. नर्सनं पाच मिनिटं दिली, तीही कुरकुरत. अक्कानं कसंबसं सगळं सांगितलं. व्यासराव आधी मेहुण्याकडे, मग बायकोकडे बघत राहिले, आणि त्यांना हसू आलं. हसताना छातीत दुखलं असावं, कारण लगेच डोळे मिटले.

"अहो, हसताय काय?" अक्का म्हणाली.

"नवरा समोर आहे ना? मग पुसू दे. लगेच मीच लावतो. यात कसला आलाय अपशकुन?"

अक्कानं मान डोलावली. सुधींद्रनं मळलेल्या कणकेसारखं ते मऊ खोडरबर दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. काळं हळूहळू निघत होतं. अक्काची नजर त्याच्या बोटावरून हलत नव्हती. गच्च भरलेलं शिसं पूर्ण जाईना, एक करडी छटा उरलीच. दारात ट्रॉली येऊन उभी राहिली होती.

"पुरे," व्यासराव म्हणाले. सुई टोचलेला हात त्यांनी करंड्यात घातला आणि बोट कागदावर टेकवलं. हात कापत होता. कुंकू कपाळावर लागलं, तसं नाकावर सांडलं, गालावर पसरलं, एवढ्या निगुतीनं काढलेल्या केसांत शिरलं. सुधींद्रच्या काळजात चर्र झालं, खोटं कशाला सांगा. पण अक्काचा चेहरा सैल पडला.

"आता सरी आहे, बरोबर झालं," ती म्हणाली. व्यासरावांना आत नेलं.

ऑपरेशन नीट झालं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी पहाटे व्यासरावांचं हृदय थांबलं.

त्यानंतर सुधींद्र अक्कासमोर उभा राहिला नाही. जी काय कामं पडली, ती हर्षच्या मागं मागं राहून केली. खाली बायका बसलेल्या असल्या की जिन्यावरूनच मागं फिरायचा. चित्र त्यानं कपाटामागं, तोंड भिंतीकडे करून ठेवलं. पुसलं कुणी? आपण. भावजींनी सांगितलं म्हणून काय झालं? त्याला झोप लागत नव्हती.

दहाव्या दिवशी बायका जमल्या. व्यासरावांची चुलत बहीण अक्काच्या कपाळाला हात लावायला पुढं झाली. अक्कानं तिचं मनगट धरून बाजूला केलं आणि पदरानं आपलं कपाळ आपणच पुसलं. मग जिन्याकडे बघून म्हणाली, "सुधी, ते चित्र खाली आण."

झालं, सगळ्यांदेखत बोलणार, असं मनाशी म्हणत सुधींद्र चित्र घेऊन उतरला. लालभडक कपाळ बघून बायका चपापल्या.

"अहल्या, हेही पुसायला हवं गं," चुलत नणंद हळूच म्हणाली.

"हे कुणी पुसायचं नाही. हे ह्यांनी लावलंय." अक्कानं चित्र हातात घेतलं, आणि तिच्या अंगठ्याला लाल लागलं तशी ती दचकली. "सुधी, हे उडून जाईल रे. यावर काही करता येतं का?"

"एक फवारा असतो. तो मारला की बसतं. पण मग काही बदलता येत नाही, मलासुद्धा नाही."

"मग मार."

त्यानं मागच्या अंगणात चित्र उभं केलं आणि भुकटी उडू नये म्हणून लांबून, हलक्या हातानं फवारा मारला. सुकू दिलं, पुन्हा मारला. अक्का शेजारी उभी होती.

"मी तुला बोल लावीन, असं वाटलं ना तुला?"

"हो अक्का."

"लावतच होते. रोज मनातल्या मनात लावत होते," ती म्हणाली. "पण मग ह्यांचा तो कापणारा हात डोळ्यांपुढं येतो, आणि तुझ्यावर रागावताच येत नाही."

सुधींद्रला तिथंच रडू फुटलं. अक्कानं त्याच्या हातातून फवाऱ्याचा डबा काढून घेतला आणि उरलेला फवारा स्वतः मारला, त्यानं मारला होता तितक्याच लांबून.